आमच्या मुलांचं व्हायोलिन

नमस्कार मंडळी. मला विषय दिला होता 'आठवणीतलं नाशिक'. रंगपंचमीच्या रहाडी (रंगाचे हौद), पाडवा पहाट, मेनरोडची गर्दी यावर तुम्ही सगळे माझ्यापेक्षा छान बोलाल. गेले काही दिवस आमच्या घरात व्हायोलिनवरून वाद पेटलाय, आणि तो एकट्या आमच्या घरातला नाही, म्हणून आज त्यावरच बोलतो.

माझी लेक नाशिकपासून दूर, इथल्या एका रॉक बँडमध्ये व्हायोलिन वाजवते. पंचवटीतल्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर तिला उभ्याने वाजवताना पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे मांडी घालून वाजवायचं वाद्य!" ती म्हणाली, "आजोबा, ज्यांनी ते बनवलं, ते उभ्यानेच वाजवायचे." फोन बंद झाला आणि घरात खडाजंगी सुरू झाली.

आजोबांची तळमळ मला कळते. १९२१ साली नाशिकात जन्मलेले गायक द. वि. पलुस्कर आणि त्यांच्या साथीला डी. के. दातारांचं व्हायोलिन, यावर त्यांचा कान घडलाय. या वाद्याला गिटारसारखे सूर बांधणारे पडदे नाहीत, म्हणून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, गळ्यासारखी निघते. पण बाहेरून आलेलं हे वाद्य आपण आपलंसं केलंच ना?

लेकीच्या खोलीतल्या भिंतीवर व्हायोलिनवादक एल. शंकर यांचा फोटो आहे. वडील व्ही. लक्ष्मीनारायण यांच्याकडे कर्नाटक संगीतात तयार झालेले. अमेरिकेत गेले, सत्तरच्या दशकात गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन आणि तबलावादक झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये वाजवलं. १९७९ साली त्यांच्या अल्बमची निर्मिती केली रॉकमधल्या फ्रँक झप्पाने. पुढे त्यांनी दोन मानांचं, दहा तारांचं इलेक्ट्रिक व्हायोलिन घडवून घेतलं. डबल बासच्या खर्जापासून व्हायोलिनच्या तारसप्तकापर्यंत सगळं एका वाद्यात. रॉक गायक पीटर गॅब्रिएलबरोबर वाजवलं. आणि या सगळ्यात राग सोडले नाहीत. ते सोडले असते तर मीही आजोबांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

परवा लेकीचा कार्यक्रम ऐकला. ड्रम सुरू झाले की साधं व्हायोलिन बुडून जातं आणि माइकचा आवाज वाढवला की तो शिट्टी मारतो. म्हणून तिच्या वाद्यालाच आवाज टिपणारा पिकअप आहे, पायाशी आवाज बदलणारं पेडल आहे. गिटार थांबल्यावर तिने कोमल गंधारावर आंदोलन घेत, म्हणजे तो सूर हलकेच झुलवत, बो (व्हायोलिनचा गज) इतका सावकाश ओढला, की पुढे उभी असलेली पोरं नाचायची थांबली. घरी येताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, गणपतीत आरती वाजवली की सगळे फोन वर करतात. आज आपल्यातलं कुणीच नव्हतं."

खरंच नव्हतं, मंडळी. व्हॉट्सॲपवर निरोप सगळ्यांना गेला होता. परीक्षेचं सर्टिफिकेट मिळालं की आपण पेढे वाटतो, आणि पोर स्वतःचं काही वाजवू लागलं की 'वाया गेलं' म्हणतो. हे बरं नाही.

पुढच्या गणेशोत्सवात या मुलांसाठी एक तास मी समितीकडे मागितलाय. समिती देईलही. पण ती मुलं आता आपल्यासमोर वाजवायला येतील का, हे मला सांगता येत नाही.