चंद्राचं तिकीट केवढ्याला?

(दृश्य: टेबलावर एक जुनं सभासद-कार्ड. कॅमेरा हळूहळू त्याच्या जवळ जातो.)

पाकिटात सहज मावेल एवढं कार्ड. त्यावर सभासदाचं नाव आणि एक क्रमांक. अमेरिकेतल्या पॅन अ‍ॅम या विमान कंपनीच्या 'फर्स्ट मून फ्लाइट्स क्लब'चं हे कार्ड.

याची सुरुवात १९६४ सालची. गेरहार्ड पिस्टॉर नावाचा ऑस्ट्रियन पत्रकार व्हिएन्नातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत गेला आणि म्हणाला, मला चंद्रावर जायचंय. एजन्सीनं त्याला हसून वाटेला लावलं नाही. त्याची मागणी विमान कंपनीकडे पाठवली आणि कंपनीनं ती नोंदवूनही घेतली! १९६८च्या डिसेंबरात अपोलो ८ हे माणसांना नेणारं अमेरिकन यान चंद्राला प्रदक्षिणा घालून आलं, आणि मग नाव नोंदवायला झुंबडच उडाली. १९७१ मध्ये नोंदणी थांबली तेव्हा यादीत ९३ हजारांहून जास्त नावं होती. नोंदणी फुकट होती. भाड्याचं मात्र कंपनीनं काहीच ठरवलेलं नव्हतं.

ते भाडं किती असायला हवं होतं, याचा आज आपण हिशेब मांडणार आहोत.

(दृश्य: रात्रीचं आकाश, पूर्ण चंद्र.)

चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. अपोलोच्या काळात २४ माणसं तिथवर गेली, त्यातली १२ खाली उतरली. डिसेंबर १९७२ नंतर तिथे कुणाचंही पाऊल पडलेलं नाही. त्या २४ जणांतल्या एकानंही तिकीट काढलेलं नव्हतं.

पुढे तिकिटाची भाषा सुरू झाली. २००१ मध्ये डेनिस टिटो स्वतःच्या खिशातून पैसे भरून अंतराळ स्थानकावर गेले. रक्कम सांगितली जाते ती सुमारे २ कोटी डॉलर. आणि स्थानक केवढं दूर? जेमतेम ४०० किलोमीटर. २००५ मध्ये स्पेस अ‍ॅडव्हेंचर्स या कंपनीनं चंद्राला वळसा घालून परत आणायचा दर जाहीर केला: एका जागेला १० कोटी डॉलर. न उतरता, नुसता वळसा. त्या दरात आजवर कुणीही गेलेलं नाही. २०१२ मध्ये गोल्डन स्पाइक कंपनीनं दोघांना चंद्रावर उतरवून आणण्याचा खर्च काढला, तो दीड अब्ज डॉलरच्या घरात गेला. तीही मोहीम कागदावरच राहिली.

हे आकडे नुसते ऐकून डोक्यात शिरत नाहीत. समजा, एखाद्याची वर्षाची कमाई ५० हजार डॉलर आहे आणि तो त्यातला एक पैसाही खर्च करत नाही. तरी त्या वळशासाठी त्याला २,००० वर्षं साठवावं लागेल. उतरायचं असेल तर, दोघांत खर्च वाटून घेऊनही, १५,००० वर्षं.

एवढा पैसा जातो कुठे?

(दृश्य: सॅटर्न ५ रॉकेटचं उड्डाण, आवाजाशिवाय.)

बघा, हे अपोलोला चंद्राकडे नेणारं सॅटर्न ५. उंची ११० मीटर, उडताना वजन सुमारे २,९०० टन. आणि आठ दिवसांनी समुद्रात पडलं ते काय? तीन माणसांना घेऊन आलेली साधारण ५ टनांची कुपी. बाकीचं सगळं वाटेत टाकून दिलेलं.

यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. रॉकेटला स्वतःचं इंधन स्वतःच वाहून न्यावं लागतं, आणि ते इंधन उचलायला आणखी इंधन लागतं. चंद्रावर तर हवाच नाही, म्हणजे पॅराशूटचा उपयोग शून्य. इंजिन पेटतं ठेवूनच वेग कमी करत खाली यायचं. अपोलोचं चांद्रयान १५ टनांचं होतं, त्यातलं निम्म्याहून अधिक वजन फक्त उतरण्यासाठीच्या इंधनाचं! परत वर यायचं इंधन वेगळं.

त्यात माणूस बसला की प्रत्येक वस्तूची जबाबदारी वाढते. स्पेससूटचंच घ्या. अपोलोचे सूट शिवले ते एरवी स्त्रियांचे अंतर्वस्त्र शिवणाऱ्या कंपनीतल्या शिवणकामगार बायकांनी. कापडाचे २१ थर, एकावर एक. टाका एक मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे झालेला चालायचा नाही. एखादी टाचणी आत राहून गेली, तर ती चंद्रावर माणसाचा जीव घेऊ शकली असती. शिवाय प्रत्येक सूट त्या-त्या माणसाच्या मापाचा. त्या बायकांच्या हातांवर विश्वास ठेवून माणसं निर्वात पोकळीत उभी राहिली. मला या सगळ्या खर्चात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. इथे काटकसर करता येतच नाही.

(दृश्य: जमिनीवर उभं उतरणारं रॉकेट.)

काटकसर करता येते ती दुसरीकडे. इंधन तसं स्वस्त असतं, महाग असतं ते एकदा वापरून फेकून दिलेलं यंत्र. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे सर्वांत खालचा भाग, उपग्रह सोडून जमिनीवर उभा उतरला आणि मार्च २०१७ मध्ये असाच परत आलेला एक टप्पा पुन्हा उडाला. भाड्याच्या हिशेबात खरा फरक पडायला सुरुवात झाली ती तेव्हा.

पण चंद्राची वाट अजून जुन्याच दरानं चालली आहे. नासाच्या महानिरीक्षकांनी २०२२ मध्ये सांगितलं की आर्टेमिस या नासाच्या नव्या चांद्र-कार्यक्रमाच्या पहिल्या चार मोहिमांत एकेका उड्डाणाला ४.१ अब्ज डॉलर लागतील. त्यातल्या ओरायन यानात जागा चार. म्हणजे एका जागेला एक अब्जाहून जास्त, आणि यात चंद्रावर उतरवणाऱ्या यानाचा खर्च धरलेलाच नाही. जपानी उद्योजक युसाकू माएझावा यांनी २०१८ मध्ये चंद्राला वळसा घालणारं अख्खं उड्डाण आरक्षित केलं होतं, सोबत कलाकारांना न्यायचं म्हणून. जून २०२४ मध्ये त्यांनाही ते रद्द करावं लागलं.

(दृश्य: पुन्हा ते कार्ड.)

ज्यांच्या पाकिटात हे कार्ड होतं, त्यांतले कित्येक जण आता हयात नसतील. विमान कंपनीही १९९१ मध्ये बंद पडली. त्यांना परवडेल असा दर निघायचा, तर चंद्रावर माणसं उतरवणारं यान परत यायला हवं, आणि दुसरी माणसं घेऊन पुन्हा निघायला हवं. असं यान अजून एकही झालेलं नाही.