जुन्या कॅरॅव्हानचे ब्रेक, डिचोलीत

(दृश्य: गॅरेजच्या आवारात लाकडी ठोकळ्यांवर उचललेली कॅरॅव्हान. चाकं काढलेली.)

हिला इंजिन नाही, स्टेअरिंग नाही, ब्रेकचं पेडलही नाही. मोटारीच्या मागे हूक लावून ओढायची ही कॅरॅव्हान. बनावट ब्रिटिश, १९६०च्या दशकातली. गोव्यात कॅरॅव्हान म्हटलं की जुन्या लोकांना हणजूण-हरमलच्या किनाऱ्यावरच्या रंगीबेरंगी व्हॅन आठवतात, युरोपातून इराण-अफगाणिस्तानमार्गे रस्त्याने आलेल्या. १९७९ मध्ये त्या दोन्ही देशांत उलथापालथ झाली आणि ती वाट बंद पडली. पण त्या व्हॅन स्वतःच्या इंजिनावर पळायच्या आणि त्यांचे पार्ट कुठल्या ना कुठल्या मोटारीचेच असायचे. ही पडली ओढगाडी. सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, पत्र्याच्या मांडवाखाली ती कित्येक पावसाळे उभी होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे लोखंडाचं जे व्हायचं तेच झालं. चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे ड्रम आणि आतून त्यांना दाबणारे शू एकमेकांना धरून बसले.

मालकांना ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. पत्र्याला, लाकूडकामाला, रंगाला माणसं मिळाली. गाडं अडलं ते ब्रेकवर.

(दृश्य: हूकचं तोंड. मेस्त, म्हणजे दुरुस्ती करणारे कारागीर, ते हाताने मागे ढकलून दाखवतात.)

पेडल नाही, मग ब्रेक लागतो कसा? पुढची मोटार थांबू लागली की मागचं वजन तिला रेटतं. हूकचं तोंड एका जाड दांड्यावर बसवलेलं असतं. त्या रेट्याने दांडा मागे सरकतो आणि लिव्हर ढकलतो. लिव्हर गाडीखालची लांब सळई ओढतो, सळई केबलींना ओढते आणि ड्रमच्या आतले शू फाकतात. मोटार जितकी जोरात थांबेल तितका रेटा, आणि तितकाच ब्रेक. युरोपात ७५० किलोपर्यंतची ओढगाडी ब्रेकशिवाय चालते, त्यापुढे ब्रेक हवाच. कल्पना म्हणून हे सगळं सुंदर आहे. पण वाटेतला एखादा बुश, म्हणजे दांडा ज्यातून सरकतो ती नळी, झिजला, एखादी केबल गंजली, की जोर चाकापर्यंत पोचतच नाही, वाटेतच जिरतो.

आता दुकानात जाऊन ‘कॅरॅव्हानचे ब्रेक शू द्या’ असं सांगून बघा. काउंटरवरचा माणूस आधी विचारणार, ‘गाडी कुठली?’ आणि उत्तर ऐकून चहा सांगणार.

ड्रममागच्या तबकडीवरचा, म्हणजे बॅकप्लेटवरचा, गंज खरवडला तेव्हा खाली ‘गर्लिंग’ हे नाव निघालं. मालकांना वाटलं, झालं काम. ब्रेकच्या धंद्यात गर्लिंगचं नाव भारतात कुणाला नवं नाही. १९६२ मध्ये चेन्नईत सुरू झालेल्या ब्रेक्स इंडियाने ते इथल्या गॅरेजांत घरोघरी नेलं. पण आपल्याकडच्या मोटारींचे ब्रेक ऑइलवर चालणारे, आणि हे निव्वळ केबल-लिव्हरचे. शूचं टोक वेगळं, स्प्रिंगची भोकं वेगळी. नावावरून पार्ट शोधायचा मार्ग तिथेच संपला.

मेस्तांनी तो धरलाच नव्हता. ते दुकानात गाडीचं नावच काढत नाहीत. खिशातून माप घ्यायचा व्हर्नियर काढतात.

(दृश्य: केरोसीनमध्ये धुतलेलं बेअरिंग. कडेवर कोरलेला नंबर.)

सगळ्यात सोपं निघालं बेअरिंग. टेपर रोलर बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, आणि तो नंबर जगभर एकच. एलएम ११९४९ म्हणजे पाऊण इंच भोक, एल ४४६४३ म्हणजे एक इंच. बनवणारी कंपनी अमेरिकेतली असो की जयपूरची, माप तेच. बेअरिंग म्हापशात काउंटरवर मिळालं. ऑइल सीलला तर नंबरही लागत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, एवढं सांगितलं की पुरे.

खरी गोष्ट शूची आहे, आणि ती डिचोलीत घडते याला कारण आहे.

(दृश्य: डिचोली-साखळी रस्ता. बंद शटरची ओळ.)

या पट्ट्यातून खनिजाचे ट्रक दिवसभर धावायचे. भरलेला टिप्पर उतारावरून जेटीकडे न्यायचा आणि रिकामा परत आणायचा, असा दिनक्रम. अशा ट्रकाचं लायनिंग, म्हणजे ब्रेकच्या शूवरचं घासणारं अस्तर, किती दिवस टिकणार? म्हणून उसगाव, साखळी, डिचोली, तिकडे कुडचडे, जागोजागी लायनिंग मारून देणारी आणि ड्रम लेथवर घेणारी दुकानं उभी राहिली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. मध्ये काही काळ सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं ठप्प झालं. ट्रक अंगणात उभे राहिले आणि त्यांच्यामागे ही दुकानंही. काही कारागीर टिकले. आमचे मेस्त त्यांतले एक.

शू गंजला असला तरी तो पोलादाचा आहे, सरळ आहे. फेकायचं काहीच कारण नाही. बदलायचं असतं ते त्यावरचं लायनिंग. मेस्त आधी जुनं लायनिंग पाण्याने भिजवतात, मगच हात लावतात. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची भुकटी फुफ्फुसात गेली तर रोग वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करायची सवय आपल्या गॅरेजांत सर्रास दिसते. जुन्या गाडीपुरती तरी ती सोडलेली बरी.

मग रिवेट ड्रिलने काढायचे, नवं लायनिंग शूवर बसवायचं, आणि रिवेट मारायला मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जायचं. टोकांपासून सुरुवात केली तर मध्ये पोकळी राहते आणि लायनिंग तडकतं. रिवेटचं डोकं पुरेसं आत बुडलेलं हवं, नाहीतर लायनिंग झिजताच ते ड्रमला ओरखडे काढतं.

पण लायनिंग कुठलं? दुकानात ट्रकाचं पडून आहे, जाड, उत्तम प्रतीचं. ते मेस्तांनी लावलं नाही.

‘ट्रकाच्या लायनिंगाला ताप लागतो. तापलं की धरतं. ही हलकी गाडी, हिचं लायनिंग तापेपर्यंत म्हापसा येईल.’

त्यांनी आणलं ते मऊ, विणलेलं लायनिंग. ते रोलमध्ये, मीटरवर मिळतं. बार्जवरच्या विंचच्या ब्रेकला लागतं, म्हणून मांडवी-झुवारीकाठच्या दुरुस्तीच्या यार्डांना माल पुरवणाऱ्यांकडे असतं. घेताना एकच अट घातली, ॲस्बेस्टॉस नको.

यार्डांचा उपयोग तिथेच संपला नाही. हूकचा दांडा ज्या बुशांतून सरकतो ते झिजून अंडाकृती झाले होते. बार्जच्या कामावर हात बसलेल्या एका टर्नरने ते गनमेटल या मिश्रधातूचे करून दिले, आत ग्रीससाठी खाच पाडून. माझ्या मते अख्ख्या दुरुस्तीतलं सर्वांत देखणं काम तेच, आणि गाडी जोडल्यावर ते कुणालाही दिसणार नाही.

(दृश्य: पाटावर मांडलेले बोल्ट. हातात थ्रेड गेज.)

बोल्टांपाशी मात्र घाई चालत नाही. ब्रिटिश बीएसएफ आणि अमेरिकन यूएनएफ हे आटे शेजारी ठेवले तर डोळ्यांना एकच वाटतात. पाच-सोळांश इंचाच्या बोल्टला बीएसएफमध्ये इंचाला २२ आटे, यूएनएफमध्ये २४. कोनही वेगळा, ५५ आणि ६० अंश. नट दोन फेरे फिरतो, मग अडतो. अडला की पान्याला पाइप लावणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत. ब्रेकच्या सळईवर अशा नटाचा भरवसा कोण देणार?

तीच गत हूकच्या गोळ्याची. जुना ब्रिटिश गोळा दोन इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर. आजचा ५० चा. फरक एक मिलिमीटरही नाही. पण जुनं तोंड नव्या गोळ्यावर ढिलं बसतं आणि खड्ड्यात उसळून सुटू शकतं. इथे जुगाड नाही, वेल्डिंग तर नाहीच. तोंड आणि गोळा एकाच मापाची जोडी हवी.

ड्रमपैकी एक लेथवर साफ झाला. दुसऱ्याला तडा होता. बेळगाव-कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतून घ्यावा, असा सल्ला पुष्कळांनी दिला. ओततील, छान ओततील. पण एका नगासाठी साच्याचा पॅटर्न करायचा, आणि त्या बिडाची परीक्षा कोण करणार? ड्रम इंग्लंडहून, जुन्या कॅरॅव्हानचे पार्ट विकणाऱ्याकडून मागवला. वजनदार माल, त्यामुळे टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी दोन्ही दणदणीत. तिथेही नव्या गाड्यांचे शू स्वस्तात होते, पण ते घेण्यात अर्थ नव्हता. ब्रिटनमध्ये १९८९ पासून नव्या कॅरॅव्हानला रिव्हर्समध्ये आपोआप सुटणारा ब्रेक सक्तीचा झाला, आणि त्यासाठी आतली शूची मांडणीच बदलली. व्यास जुळला तरी शू बसत नाही.

(दृश्य: गॅरेजबाहेरचा चढ. जीपमागे कॅरॅव्हान.)

जुन्या पद्धतीत रिव्हर्स घ्यायचा तर कुणीतरी खाली उतरून हूकपाशी खिट्टी आडवी टाकायची. नाहीतर मोटार मागे रेटते आणि कॅरॅव्हान तो रेटा ब्रेक समजून चाकं आवळते. निघताना खिट्टी परत काढायची. राहिली, तर पुढे ब्रेक लागणारच नाही. म्हणून मेस्तांनी ती लाल रंगवली आहे.

हँडब्रेक चढावर धरतो. हूक सुटलाच तर हँडब्रेक ओढून मगच तुटणारी बारीक तारही बसवली. लायनिंग अजून ड्रमला पुरतं घासून बसलेलं नाही. थोडं चालवून केबली पुन्हा ताणाव्या लागतील. लांब उतारावर हा ब्रेक सारखा लागत राहतो, तापतो आणि तापला की सुटायला लागतो. तेव्हा सध्या डिचोली ते मये, सपाटीवर. चोर्ला घाटाचं नाव मालकांनी दोनदा काढलं, दोन्ही वेळा मेस्तांनी जीपची चावी स्वतःच्या खिशात टाकली.