काजूच्या मोसमातलं घर

(दृश्य: पहाट. डोंगरउतारावर वाळका पातेरा. त्यावरून चालणाऱ्या पावलांचा आवाज.)

निवेदन:

राजापूर तालुक्यातला हा जांभ्याचा उतार. मार्च सरत आलाय. शिमगा झाला, पालखी देवळात परतली, चाकरमानी मुंबईच्या गाड्यांत बसले. घरात मागे राहिली चार माणसं: सासू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात. आणि वर्षभराची निम्मी कामं नेमकी आत्ताच येऊन उभी राहिलीत.

सून दिवस उजाडतानाच टोपली घेऊन काजूत शिरते. रात्री पडलेले बोंडू, म्हणजे बीला धरून असलेली काजूची रसाळ फळं, उन्हं तापायच्या आत उचलायचे. डाव्या मुठीत बोंडू, उजव्या हातात बी. एक पीळ दिला की बी सुटते. बी टोपलीत, बोंडू बाजूला. बीच्या कितीतरी पट वजन बोंडूचं. तिकडे गोव्यात त्याची फेणी होते. इथे थोडे गुरांपुढे पडतात, बाकीचे झाडाखालीच कुजतात. हा आंबूस-गोड वास दोन महिने या घराच्या कपड्यांतून जात नाही.

(दृश्य: सुनेची बोटं, अगदी जवळून.)

ही बोटं पाहा. टोकं काळी पडलीत, दोन ठिकाणी साल गेलीय. फेब्रुवारीत ओले काजूगर काढले, त्याची ही खूण. हिरवी बी कोयत्यावर चिरली की टरफलातला चीक उडतो आणि कातडी भाजते. हाताला खोबरेल चोळून बसायचं, तरी तो लागतोच. असे गर शेकड्यावर विकले जातात. शहरातल्या ताटात काजूची उसळ येते, तेव्हा तिच्यामागे ही बोटं असतात.

कोकणात शूटिंग म्हटलं की कॅमेरा हापूसकडे वळतो. आम्हीही त्यासाठीच आलो होतो. पण चार दिवस इथे राहिल्यावर कळलं, या घरात वर्षाचा पहिला रोख पैसा आणते ती काजू बी. वाण्याची उधारी, नातीची वह्या-पुस्तकं, जूनमधलं खत, सगळं तिच्यावर. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेलं हे झाड. आज त्याला परकं म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही.

हापूसची कलमं घरामागे आहेत, दहा-बारा. पहिला मोहोर ढगाळ हवेत गेला. तुडतुडे पडले, फळ धरलंच नाही. दुसऱ्या मोहोराची कैरी आता सुपारीएवढी झालीय. मे महिन्यात काय हाती येईल ते खरं. आंबा हुकला तर काजू आहे, काजू हुकला तर कोकम, आणि पोटाला भात-कुळीथ. थोडं थोडं सगळं लावणाऱ्या घराचा हाच आधार.

(दृश्य: शेताचा कोपरा. कवळाचे भारे.)

दुपारी मुलगा भाजावळीला लागतो. जूनमध्ये जिथे भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, करायचा, तिथे आधी कवळ पसरायचं, म्हणजे ऐन-किंजळाच्या तोडून वाळवलेल्या फांद्या. त्यावर शेणाचा थर, मग पातेरा, वरून बारीक माती. आग लावायची ती वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून, म्हणजे ती वाऱ्याच्या उलट सरकते, भडकत नाही, धुमसत जाते. तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, रोप उपटताना मुळं तुटत नाहीत.

पण यात झाडं ओरबाडली जातात, मातीतलं सेंद्रिय द्रव्य जळतं. म्हणून शास्त्रज्ञ गादीवाफ्यावर रोपं करा म्हणतात. यंदा मुलाने एक तुकडा न भाजता ठेवलाय. आई त्याला काही म्हणाली नाही. तिने आपल्या बाजूचं कवळ मात्र हाताने नीट दाबून रचलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, असं आम्हाला वाटलं.

वणव्याची भीती मात्र सगळ्यांना सारखीच. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, कुणी विडीचं थोटूक टाकलं तरी वाळकं गवत पेटतं आणि आग काजूत उतरते. म्हणून बागेभोवती गवत कापून पट्टा मोकळा केलाय. गेल्या वर्षी शेजारच्या बागेत हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवली, तेव्हा वाडीतली बायामाणसं, पोरं, सगळी धावली होती. ती काळी पडलेली खोडं अजून तशीच उभी आहेत.

(दृश्य: संध्याकाळ. शेणाने सारवलेलं खळं. त्यावर पसरलेली काजू बी, कडेला कुळथाचा ढीग.)

सून आगरात शिपणं करून येते. नारळी-पोफळीच्या आळ्यांत पाणी अजून चमकतंय.

"जरा टेक गं, चहा घे," सासू म्हणते, आणि स्वतः खळ्यात उतरते. पसरलेल्या बीवर पायाने हलकेच नांगरल्यासारखी रेघ ओढते, खालची बी वर येते. मग मूठभर उचलून कानाशी हलवते. चांगली वाळली की आतला गर सुटून खुळखुळतो. ती ऐकते. पुन्हा हलवते. मूठ परत खळ्यावर सोडते.

"अजून एक ऊन लागेल," ती म्हणते.