गाव उठले, चर्च राहिले

इंग्लंडच्या यॉर्कशर भागात खडूच्या दगडाच्या बुटक्या टेकड्या आहेत. त्यांच्या पश्चिम कडेला, एका अरुंद दरीच्या तळाशी, छप्पर हरवलेले जे चर्च आपण पाहत आहोत, ते संत मार्टिन यांच्या नावाचे आहे. त्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या माथ्यावर, गवताखाली जे चौकोनी उंचवटे दिसतात, ते व्हॅरम पर्सी या गावातील घरांचे पाये होत.

दहाव्या शतकात येथे एक लहानसे लाकडी चर्च होते. त्याच्या जागी दगडी चर्च उभे राहिले आणि वस्ती वाढत गेली, तशा बाराव्या-तेराव्या शतकांत मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या रांगेपलीकडे ओवऱ्या जोडल्या गेल्या. पुढे माणसे कमी झाली, तेव्हा त्या ओवऱ्या पाडून कमानी दगडांनी बुजवून टाकण्यात आल्या. भिंतीत अजून स्पष्ट दिसणाऱ्या त्या बुजवलेल्या कमानी म्हणजे गावाची शिरगणतीच आहे. निदान आम्हाला तरी त्या मनोऱ्याहून अधिक बोलक्या वाटल्या.

हे गाव 1349 च्या महामारीने संपले, असा समज सहज होतो. त्या साथीने गाव खचले खरे, पण ते उठवले मेंढ्यांनी: लोकरीला भाव होता, आणि 1500 च्या सुमारास जमीनमालकाने उरलीसुरली कुटुंबे हुसकावून शेतांची कुरणे केली. चर्च मात्र टिकले, कारण ते एकट्या या गावाचे नव्हते. थिक्सेंडेलसारख्या शेजारच्या वस्त्याही याच पॅरिशमध्ये, म्हणजे या चर्चच्या हद्दीत, मोडत, आणि 1870 मध्ये स्वतःचे चर्च मिळेपर्यंत तेथील लोक प्रार्थनेसाठी व दफनासाठी टेकड्या ओलांडून येथेच येत. नियमित प्रार्थना 1949 पर्यंत चालू होती.

पुढच्याच वर्षी उत्खनन सुरू झाले आणि ते तब्बल 40 वर्षे चालले. चर्च आणि त्याच्या आवारातून जवळपास 700 जणांचे सांगाडे मिळाले. त्यांत तान्ह्या मुलांचेही होते, आणि त्यांच्या हाडांच्या रासायनिक तपासणीवरून येथील आया मुलांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत, असे दिसून आले. शेतकरी बायकांविषयी इतकी घरगुती गोष्ट त्या काळच्या कोणत्या दप्तरात सापडणार?

पश्चिमेकडचा मनोरा 1959 मध्ये अर्धा ढासळला. उरलेला अर्धा उभाच आहे. त्याची आतली बाजू उघड्यावर आली आहे, आणि खालच्या तळ्याभोवती आजही कुरण आहे.