खिडकीबाहेरचा खड्डा आणि छपरावरचं पाणी

नमस्कार श्रोतेहो. न्यू जर्सी, शिकागो, टोरोंटो अशा ठिकाणी भाड्याच्या बेसमेंटमध्ये बिऱ्हाड असलेल्यांसाठी आजचं बोलणं. झोपायच्या खोलीच्या खिडकीबाहेर पत्र्याचा अर्धगोल खड्डा असतो, तो विंडो वेल. आग लागली तर सुटकेची वाट तीच. म्हणून तो कोरडाही हवा आणि मोकळाही.

तीन फूट लांबरुंद वेलमध्ये इंचभर पावसाचं थेट पडणारं पाणी एकवीस लिटर, म्हणजे जेमतेम बादलीभर. पण छपराच्या ५०० चौरस फूट भागाचं पाणी ज्या पाइपातून उतरतं, त्यातून तेवढ्याच पावसात सुमारे १,१८० लिटर पाणी येतं. म्हणून झाकण आणायच्या आधी वर बघा. पन्हळ पानांनी तुंबली असेल तर पाणी काठावरून थेट वेलमध्येच कोसळतं. उभ्या पाइपाला जोडपाइप लावून पाणी भिंतीपासून निदान सहा फूट लांब सोडा. हे काम स्वस्त आहे, आणि बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.

मग जमीन. भिंतीलगतची माती बसत जाते आणि उतार उलटा, घराकडे होतो. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा. वेलचा काठ मातीच्या वर चारेक इंच राहू द्या, नाहीतर अंगणातलं पाणी चिखल घेऊन आत येतं. वेल भिंतीपासून सुटला असेल तर त्या फटीतूनही माती आत येते आणि पाणी जिरवणारी तळाची खडी बुजवते.

कोरड्या दिवशी वेलमध्ये दोन बादल्या पाणी ओता. ते साचून राहिलं तर वरची खडी काढून धुवा, पुन्हा ओता. तरीही जिरत नसेल तर तळाचा निचऱ्याचा पाइप तुंबलाय किंवा मुळात घातलेलाच नाही. चिकणमातीत पाणी मुरत नाही, तिथे नुसती खडी म्हणजे पाण्याने भरलेलं घमेलं. ही दुरुस्ती घरमालकाची. फोटो काढून लेखी कळवा.

झाकण सर्वांत शेवटी. ते आतून, किल्ली वा हत्याराशिवाय ढकलून उघडलं पाहिजे. वाऱ्याने उडतं म्हणून त्यावर विटा किंवा कुंड्या कधीही ठेवू नका.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात तासाभरात ३.१५ इंच पाऊस झाला, आणि शहरात अकरा जण तळघरातल्या घरांत दगावले. पाणी काचेला टेकलं की खिडकी उघडू नका, सामान आवरत बसू नका. मुलाबाळांना घेऊन जिन्याने वर निघा.