हाय स्ट्रीटवरचं थडगं

(दृश्य: पहाटेचा रिकामा रस्ता. तपकिरी दगडांची इमारत.)

न्यू हेवन, कनेक्टिकट, अमेरिका. येल विद्यापीठाच्या हाय स्ट्रीटवरची ही वास्तू. आत डोकावायला कुठे फट नाही. इथले विद्यार्थी हिला 'थडगं' म्हणतात. 'स्कल अँड बोन्स' या १८३२ सालच्या गुप्त मंडळाचं हे ठिकाण. शेवटच्या वर्षात जाणारी १५ मुलं दरसाल निवडायची. बस, १५.

(दृश्य: प्रचारसभा, झेंडे, घोषणा.)

२००४ ची अध्यक्षीय निवडणूक. इराक युद्धावरून देश दुभंगलेला. १२ कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं. इकडे रिपब्लिकन जॉर्ज बुश, तिकडे डेमोक्रॅट जॉन केरी. आणि दोघेही याच थडग्यातले! केरी १९६६ चे, बुश १९६८ चे. टीव्हीवर विचारलं, तर दोघांनीही 'गुपित आहे' म्हणून विषय टाळला. बुश यांचे वडील इथलेच, आजोबाही इथलेच.

आतल्या कवट्या, शपथा यांच्या कहाण्या पुष्कळ. त्या राहू द्या. खरा मामला उघड्यावरच आहे. १९८९ ते २०१७, सलग २८ वर्षं व्हाइट हाउसमध्ये जो बसला, त्याच्याकडे येल किंवा हार्वर्डची पदवी होतीच. विद्यापीठांना 'शत्रू' म्हणणारे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स? तेही येलमध्येच कायदा शिकलेले, २०१३ चे.

(दृश्य: सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.)

मग या विद्यापीठांत शिरायचं कसं? वंश बघून प्रवेश देण्यावरून हार्वर्डवर खटला झाला, तेव्हा आकडे बाहेर आले. आईवडील तिथे शिकलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना प्रवेश, इतरांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. आपण ज्याला वशिला म्हणतो, त्याला तिथे भारदस्त नाव आहे: लेगसी.

२९ जून २०२३ ला निकाल लागला. वंश बघून प्रवेश देणं बंद. न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन हार्वर्डच्या एका मंडळावर होत्या, म्हणून त्या खटल्यातून बाजूला झाल्या. उरले आठ. त्यांतले सात हार्वर्ड नाहीतर येलमध्ये कायदा शिकलेले. एमी कोनी बॅरेट तेवढ्या नोट्र डेमच्या. निकाल लिहिला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी. त्यांची पदवी हार्वर्डची, कायदाही हार्वर्डचाच.

लेगसी होती तिथेच राहिली.