४१६००१ : कोल्हापूरच्या पिनकोडचं गणित

शाहूपुरीतल्या दुकानांच्या पाट्या वाचत चला. नाव, फोन नंबर, पत्ता, आणि पत्त्याच्या शेवटी हे सहा आकडे : ४१६००१.

पिनकोड देशात सुरू झाले १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ही रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी! सुरुवातीच्या ४१६ वरून पत्र कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्गाच्या बाजूला वळतं. शेवटच्या तीन आकड्यांवरून नेमकं टपाल कार्यालय कळतं. टपालाला एवढंच पुरतं. आपण मात्र याच्याकडे एक संख्या म्हणून बघू.

आधी अवयव पाडू. अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ नं भाग जाणारच. उरले १,३८,६६७. आता ७ नं जात नाही, ११ नं नाही. १३, १७, १९ नंही नाही. २३ नं मात्र नि:शेष जातो आणि उरतात ६०२९. ही मूळ संख्या, पुढे फुटत नाही. म्हणून ४१६००१ म्हणजे ३ गुणिले २३ गुणिले ६०२९. विभाजक अवघे आठ.

शेजारच्या सांगलीचा ४१६४१६ घ्या. तेच तीन अंक दोनदा आले, की संख्येला १००१ नं भाग जातो; म्हणजे ७, ११ आणि १३, तिघांनीही. त्या संख्येचे विभाजक आहेत ७२.

आता कापरेकरांकडे येऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा, देवळालीला शाळामास्तर. आकड्यांचा विलक्षण नाद असलेला माणूस. चार अंकी संख्येतले अंक उतरत्या क्रमानं लिहायचे, चढत्या क्रमानं लिहायचे, मोठ्यातून लहान वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचं. चारही अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ येतेच, हे त्यांना १९४९ साली सापडलं. साधी वजाबाकी, पण जगभरचे गणिती आजही या संख्येला कापरेकरांच्या नावानं ओळखतात.

हीच रीत आपल्या सहा अंकांवर चालवू. पेन्सिल घ्या, स्वतः करून बघा.

६४११०० वजा ००११४६. उत्तर ६३९९५४.
९९६५४३ वजा ३४५६९९. उत्तर ६५०८४४.

पुढे ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४. यातल्या प्रत्येक उत्तराला ९ नं भाग जातो, कारण वजाबाकी एकाच अंकांच्या दोन मांडण्यांची आहे. कुठं हातचा चुकला तर इथंच कळतं.

आठव्या वेळी येतात ४,२०,८७६. मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४... आणि पुन्हा ४२०८७६! सात संख्यांचं हे रिंगण. एकदा आत शिरलं की सुटका नाही. महाद्वार रोडचा ४१६०१२ घेतला तर तो अगदी वेगळ्या वाटेनं जातो, बाराव्या पायरीला ८५१७४२ वर पोचतो आणि याच रिंगणात अडकतो.

आणि सांगली? ६६४४११ वजा ११४४६६, उत्तर ५४९९४५. आता हे अंक मांडा : ९९५५४४ वजा ४४५५९९. पुन्हा ५४९९४५. सहा अंकांत स्वतःवरच थांबणाऱ्या संख्या दोनच, ५४९९४५ आणि ६३१७६४. सांगलीचा पिनकोड त्यातल्या एकीवर पहिल्याच वजाबाकीत जाऊन पोचतो.